वाचले असे समजावे

आमच्या खात्यात रेषा काढणारे वेगळे आणि ती शब्दांत उतरवणारे वेगळे. मी उतरवणारी. नकाशावर कुणीतरी पेन्सिल फिरवतं आणि मग ती जिथं जिथं गेली ते मला लिहावं लागतं: अमुक पुलापासून निघून, रस्त्याच्या मध्यातून, शाळेच्या कुंपणाला लागून उजवीकडे, असं करत करत पुन्हा त्याच पुलापाशी. म्हणजे झाला एक प्रभाग. लिहिताना आपण ती हद्द चालतोय असं धरायचं आणि प्रभाग कायम उजव्या हाताला ठेवायचा. नकाशा आणि शब्द यांचं भांडण झालंच, तर कायद्यात शब्द जिंकतो. हे मी घरात इतक्यांदा ऐकवलंय की आमच्या ह्यांना जेवताना मीठ हवं असलं तरी ते म्हणतात, "तुमच्या ताटापासून निघून, पाण्याच्या भांड्याला लागून डावीकडे जी बरणी आहे, ती इकडे."

ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना स्पष्ट दिसावं ही त्यांची जबाबदारी, स्पष्ट लिहिलं जावं ही माझी. दोघांच्याही धंद्यात गिऱ्हाईक फारसं खूश नसतं.

आमच्या खात्याचा एक लाडका शब्द आहे, 'तदनुषंगाने'. मला तो डोळ्यांसमोर नको. अर्थ साधा आहे, त्याला धरून, त्याच्या मागोमाग. रस्ता जरा वळला, ओढ्यानं बाक घेतला, की "व तदनुषंगाने पुढे" असं लिहितात, आणि तिथवर माझी तक्रार नाही. पण रेषा जिथं उगाचच वाकते, कुणाच्या तरी सोयीनं वाकते, तिथंही हाच शब्द टाकतात. शब्दांत सगळं सरळ होतं. नकाशा बारीक छापलेला असतो, तो बघायला कुणी भिंग घेऊन बसत नाही.

दुसरी रीत सुनावणीची. कच्च्या हद्दी पक्क्या होण्याआधी भर सभेत वाचून दाखवायच्या असतात. सगळ्या प्रभागांचं पुराण कोण ऐकणार? म्हणून वाचणारा पहिली ओळ वाचतो, शेवटची वाचतो आणि मधल्याला म्हणतो, "वाचले असे समजावे." लोक समजतात. माझा आवाज खणखणीत, म्हणून गेली कित्येक वर्षं हे वाचन माझ्याच गळ्यात पडलेलं आहे.

आता वन्सं. ह्यांची धाकटी बहीण. लग्नाच्या आठवड्यात मी तिला थट्टेनं 'वन्सं' आणि 'तुम्ही' म्हणायला लागले, ती थट्टा जिभेला चिकटली ती चिकटलीच. ती मला 'वहिनी' आणि 'तू' म्हणते. कालव्याकाठच्या धर्मादाय दवाखान्यात ती नर्स आहे. दवाखान्याला लागून रंगारी गल्ली. घरोघरी रंगाच्या कढया, दोऱ्यांवर ओलं सूत, आणि माणसांचे हात कोपरापर्यंत निळे नाहीतर लाल. त्या निळ्या हातात शीर शोधणं हे डॉक्टरांनाही जमत नाही, ते वन्संना हाक मारतात. गल्लीच्या मधून एक उघडा नाला जातो. रंगाचं पाणी, घरांचं पाणी, सगळं त्यातच. उन्हाळ्यात मुलं जुलाबानं आडवी होतात आणि वन्सं त्यांना सलाईन लावून लावून थकतात.

"मी तो नाला बांधून घेतल्याशिवाय मरणार नाही," असं ती दर उन्हाळ्यात म्हणायची. ह्या वेळी म्हणाली, "वहिनी, मी उभी राहतेय. आपल्या वॉर्डातून. अर्ज करून करून हात दुखले, आता त्या खुर्चीत मीच बसते."

पक्षानं तिला तिकीट द्यायचं कबूल केलं होतं. पक्ष सत्तेतला. तिला पक्षाशी देणंघेणं नव्हतं, तिला नाल्याशी होतं. आणि पक्षाला नाल्याशी नव्हतं, असा तो संसार.

आपल्या घरचं माणूस उभं राहणार म्हटल्यावर मी आमच्या साहेबांकडे गेले आणि म्हणाले, तो प्रभाग दुसऱ्या कुणाला द्या. साहेब शांत माणूस, निवृत्तीच्या उंबऱ्यावर, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. "दुसरं कोण आहे?" म्हणाले. "रेषा तुम्ही काढत नाही ना? मग लिहा. फक्त शपथेची आठवण ठेवा. जाहीर होईपर्यंत घरात एक अक्षर नाही."

शपथ म्हणजे शपथ. मी मान डोलावली, आणि त्याच आठवड्यात नकाशा माझ्या टेबलावर आला.

कालवा ही आमच्या बाजूची पूर्वेची हद्द. पिढ्यान् पिढ्या तीच. पुलापासून निघा, कालव्याच्या कडेनं दक्षिणेला खालच्या पुलापर्यंत जा, संपलं. पण ह्या नकाशात रेषा पीठगिरणीपाशी कालवा सोडून अचानक आत घुसली होती, रंगारी गल्लीच्या घरांच्या मागून फिरली होती आणि गल्लीला वळसा घालून परत कालव्यावर आली होती. गल्ली तेवढी बाहेर काढून पलीकडच्या बंगल्यांच्या प्रभागाला चिकटवली होती. मधे अख्खा कालवा. पलीकडची वस्ती एवढी मोठी, की गल्लीची मतं तिथं म्हणजे तळ्यात चिमूटभर मीठ.

मी नकाशा घेऊन साहेबांच्या खोलीत गेले तर तिथं त्रैराशिक बसला होता. हा वन्संच्या पक्षाचा आकडेवाला. इतक्या घरांत इतकी मतं, तर तितक्या घरांत किती, ह्याशिवाय त्याच्या तोंडून दुसरं वाक्य येत नाही, म्हणून सगळं गाव त्याला त्रैराशिक म्हणतं. त्यालाही ते आवडतं. मला बघून खुशीत आला.

"ताई, तुमच्या घरचंच काम झालं समजा. रंगारी गल्ली आपल्याला कधीच मत देत नाही. सरळ उभं राहिलं तर तुमची नणंद त्या गल्लीमुळे पडते. गल्ली गेली, की डोळे मिटून निवडून येते. सुंठीवाचून खोकला गेला."

"पण ती त्या गल्लीसाठीच उभी राहतेय," मी म्हणाले.

"असू दे की. आधी निवडून तर येऊ दे."

साहेब कुंडीतली पिवळी पानं खुडत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गिरणीपर्यंत लिहा. पुढे, व तदनुषंगाने खालच्या पुलापर्यंत."

"साहेब, तिथं अनुषंग कुठाय? रस्त्यामागून रस्ता यावा, इथं रस्त्यामागून लोकांच्या न्हाणीघरांच्या भिंती येताहेत."

"मग काय लिहिणार?"

"जे आहे ते. एकेक वळण."

त्रैराशिक हसला. "लिहू द्या हो. सभेत वाचतंय कोण?"

साहेबांनी खांदे उडवले. मी टेबलाशी जाऊन लिहायला बसले आणि एकही वळण सोडलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. नाचता येत नाही म्हणून अंगण खरोखरच वाकडं करून घेणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली एक घाणेरडा आनंदही होता. वन्सं निवडून येणार होत्या. तिनं आयुष्यात कधी काही मागितलेलं नाही, आणि हे तिला न मागता मिळत होतं. मी माझं काम चोख केलं, ते कुणी वाचणार नाही, ती निवडून येईल, माझाही हात स्वच्छ. असा हिशेब मी मनात केला आणि मिठाची गुळणी धरून घरी गेले.

घरी तर जत्राच. जेवणाच्या टेबलावर वन्संची पत्रकं, खुर्च्यांवर वन्संची पत्रकं. वरच्या ओळीत नाव आणि खाली ठळक अक्षरांत 'रंगारी गल्लीचा नाला, पहिल्या वर्षात'. मी खळ शिजवली, ह्यांनी कागद कापले. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तू एवढी गप्प का? दात दुखतोय का?" मी म्हणाले, हो, दुखतोय. तिनं लगेच बॅटरी आणून माझ्या तोंडात उजेड पाडला. तोंड उघडून बसताना मला रडू येत होतं आणि तिला वाटलं दातामुळे.

सुनावणीच्या दिवशी सभागृह निम्मंच भरलं होतं. सुनावणी घ्यायला बाहेरगावच्या एक निवृत्त न्यायाधीश बाई आल्या होत्या. पंख्यांना मान हलवायचाही कंटाळा, आणि मागच्या रांगेत दोघं उघडउघड झोपलेले. मी वाचत होते. पहिली ओळ, वाचले असे समजावे, शेवटची ओळ. पुढचा प्रभाग. तिसऱ्या रांगेत वन्सं बसल्या होत्या, कामावरून थेट आलेल्या, पांढऱ्याच कपड्यांत. त्यांच्या शेजारी त्रैराशिक.

आमचा प्रभाग आला. मी वाचलं, "कालव्याच्या वरच्या पुलापासून निघून, कालव्याच्या पश्चिम कडेने दक्षिणेकडे." श्वास घेतला. "पुढील वाचले असे समजावे."

आणि वन्संनी हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा.

"बाई, हा माझा वॉर्ड आहे. आणि वाचणारी माझी वहिनी आहे. एवढा एक पूर्ण वाचला तर चालेल का? मला ऐकायचाय."

लोक हसले, प्रेमानं. न्यायाधीश बाईही हसल्या. म्हणाल्या, "कुणी मागणी केली तर वाचावंच लागतं. वाचा."

त्रैराशिक माझ्याकडे बघून मान हलवत होता, नको नको. साहेब टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत होते. मला वाटलं, गाळून वाचावं. कुणाला कळणार आहे? मग मी वन्संकडे पाहिलं. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून, कौतुकानं, माझ्या आवाजाची वाट बघत होती. तिला फसवायचं असेल तर तिच्या तोंडावर फसवावं लागणार होतं, आणि ते माझ्याच्यानं झालं नाही.

मी वाचलं. "पीठगिरणीपर्यंत. तेथे कालवा सोडून उजवीकडे वळून रंगारी गल्लीच्या पहिल्या घरामागे. तेथून डावीकडे, गल्ली डाव्या हाताला ठेवून, पहिल्या घराच्या मागील भिंतीने. पुढे न्हाणीघराच्या भिंतीने. पुढे दुसऱ्या घराच्या मागील भिंतीने." मागच्या रांगेतले झोपलेले जागे झाले. "पुढे सूत वाळवण्याच्या दोरीखालून." कुणीतरी फिस्सकन हसलं. मी वाचत राहिले, एकामागून एक भिंती. "पुढे धर्मादाय दवाखान्यास वळसा घालून, दवाखान्याचे दार उजव्या हाताला व पायरी डाव्या हाताला ठेवून."

अख्खं सभागृह खो खो हसायला लागलं. "म्हणजे पेशंट एका वॉर्डात आणि डॉक्टर दुसऱ्या?" कुणीतरी ओरडलं. हसू थांबेना. न्यायाधीश बाईंनीही रुमाल तोंडाला लावला.

वन्सं हसत नव्हत्या. मी वाचत असताना ती ती रेषा मनातल्या मनात चालत होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते प्रत्येक घर तिला माहीत होतं. पायरीपाशी आल्यावर ती थांबली. तिनं त्रैराशिककडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला माझं तोंड कुठं लपवू असं झालं.

ती उभी राहिली. "माझी हरकत आहे."

त्रैराशिकनं तिची बाही ओढली. "अहो, तुमच्याच फायद्याचं आहे! बसा!" घाबरून तो जरा जास्तच मोठ्यानं बोलला आणि ते सगळ्यांनी ऐकलं.

"ते कळलं मला," वन्सं म्हणाल्या. "बाई, त्या पायरीवर रोज सकाळी गल्लीतली माणसं बसतात. दार उघडलं की मी त्यांना आत घेते. ती माणसं माझ्या वॉर्डात नसतील तर मी कुणासाठी उभी राहतेय ते मला सांगा. ती मला मत देतात की नाही हा त्यांचा प्रश्न. पण त्यांना मला पाडता आलं पाहिजे."

न्यायाधीश बाईंनी लिहून घेतलं.

त्या दिवशी घरी जेवताना ह्यांनी एकदाच तोंड उघडलं. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास, ताई." लाडात आले किंवा रागात आले, की ते धाकट्या बहिणीला ताई म्हणतात. वन्संनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. मला म्हणाल्या, "तुला माहीत होतं."

"हो."

"खळ शिजवत होतीस तेव्हाही?"

"शपथ होती, वन्सं."

"शपथ होती ते ठीक आहे," ती म्हणाली. "पण मी पूर्ण वाच म्हटलं नसतं तर?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. "तर वाचले असे समजले असते," मी म्हणाले.

ती ताट उचलून आत गेली आणि त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला फार लागलं ते. रागावली असती, भांडली असती, तर मी तिच्या वरताण भांडले असते. पण ती नुसती "वहिनी, किल्ली" आणि "वहिनी, दिवा बंद कर" एवढंच म्हणायची.

रेषा सुधारून आली. कालव्याच्या कडेनं वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत, एका ओळीत. साहेबांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि कुंड्यांकडे गेले. तिकीट मात्र पक्षानं तिलाच दिलं, कारण सभागृहातली गोष्ट गावभर झाली होती आणि आता ते काढून घेणं शोभलं नसतं. त्रैराशिकनं तिला एवढंच सांगितलं, "गल्लीसकट तुम्ही पडता. माझा आकडा चुकत नाही."

आणि त्याचा आकडा चुकला नाही. वन्सं पडल्या. बाकी सगळीकडे त्या पुढे होत्या. रंगारी गल्लीची पेटी उघडली आणि त्या मागे गेल्या त्या गेल्याच. जिच्या बाळाला त्यांनी कालपरवा सलाईन लावली होती, तिनंही दिलं नसावं. मी मतमोजणीच्या दाराशी उभी होते. ती बाहेर आली आणि तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. सुनावणीनंतर पहिल्यांदाच ती माझ्या एवढ्या जवळ आली होती. मला तिच्या पडण्याचं दुःख होत होतं आणि त्याच वेळी ती जवळ आल्याचं सुख होत होतं. माणसाचं मन असं निर्लज्ज असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर निघाली. मी रजा टाकली होती, म्हणाले, "मी येते बरोबर."

"कशाला? मला कुणी मारणार नाहीये."

"माहितीये. तरी येते."

पायरीवर माणसं बसलेली होतीच. तिला येताना पाहून सगळ्यांनी एकदम जमिनीकडे बघायला सुरुवात केली. एक बाप्या उठून जायला लागला, बायकोनं त्याला धरून बसवलं. वन्संनी कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "चला, पहिलं कोण?"

पहिली एक म्हातारी होती. सगळी गल्ली तिला कढईवाली आजी म्हणते. जांभळे हात, पाठीत वाकलेली. ती खुर्चीत बसली, वन्संनी तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. आजीनं घसा साफ केला.

"पोरी, तू आज यायची नाहीस असं वाटलं होतं."

"का? दवाखान्याला सुट्टी कुठाय?"

"मी तुला मत नाही दिलं हो. सांगून टाकते. तुझ्या त्या पक्षाला कोण देईल? त्यांनी नाल्याचा एक दगड हलवला नाही इतक्या वर्षांत."

"बरोबर आहे तुमचं," वन्सं म्हणाल्या. हात चालूच होते. "आता ज्याला दिलंय त्याच्या मागे लागा. दाद देत नसेल तर मला सांगा, मीही येईन तुमच्याबरोबर."

आजीनं मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते अपराध्याचं नव्हतं.

"वाईट वाटलं गं तू पडलीस त्याचं. रात्री जेवण गेलं नाही. पण खरं सांगू? एवढं आयुष्य गेलं, आमच्या मतानं आजवर कधी कुणी पडलं नव्हतं."

मला वाटलं, आता वन्सं रडणार. पण तिला हसू फुटलं, डोळे भरलेले असतानाच.

"आणि पहिल्यांदा पाडायला मीच सापडले होय तुम्हाला?"

"मग दुसरं कोण होतं आमचं?" आजी म्हणाली, आणि तीही हसायला लागली. दारातली माणसं कशाला हसायचं ते न कळता हसली.

"आता बोलू नका," वन्संनी डोळे पुसत फुगा दाबायला सुरुवात केली. "हात सैल सोडा. आकडा चुकतो."